डोक्याला मार लागल्यानंतर नुकसानभरपाईचा दावा: रुग्ण व नातेवाइकांसाठी

रस्ता अपघातात डोक्याला मार लागलेला माणूस दोन-तीन महिन्यांनी बाहेरून बरा दिसतो. टाके सुकलेले असतात, केस परत आलेले असतात, तो चालतो, जेवतो, ओळखीच्यांशी बोलतो. घरच्यांना मात्र वेगळाच माणूस घरी आल्यासारखे वाटत असते. तो एकच प्रश्न चारदा विचारतो, गॅसवर ठेवलेले दूध विसरतो, क्षुल्लक कारणावरून मुलांच्या अंगावर धावून जातो, दोन तास काम केले की गळून जातो. भरपाईच्या दाव्यात खरे मोठे नुकसान बहुतेक वेळा हेच असते आणि नेमके हेच कागदावर नसते. मोडलेला पाय एक्स-रेत दिसतो. गेलेली स्मरणशक्ती न्यायाधिकरणाला कोणीतरी दाखवून द्यावी लागते.

हा लेख वाहन अपघातांबद्दल आहे. कामावर असताना परातीवरून किंवा शिडीवरून पडून मार लागला असेल तर कर्मचाऱ्यांच्या भरपाईचा वेगळा कायदा लागू होतो. त्याचा अर्ज वेगळ्या ठिकाणी आणि साधारणपणे दोन वर्षांच्या आत करायचा असतो. कामावर असतानाच वाहनाचा अपघात झाला असेल तर दोन्हींपैकी एकच मार्ग निवडता येतो, म्हणून आधी वकिलांना विचारा.

पहिल्या रात्रीचा केसपेपर

दाव्याची सुरुवात कोर्टात नव्हे, कॅज्युअल्टीत होते. रुग्ण बेशुद्ध असतो, आणणारे नातेवाईक घाबरलेले असतात. डॉक्टर विचारतात, "काय झालं?" नातेवाईक म्हणतात, "गाडीवरून पडला." तेवढेच केसपेपरवर लिहिले जाते. प्रत्यक्षात मागून टेम्पोने धडक दिलेली असते. वर्षभराने विमा कंपनीचे वकील हाच कागद पुढे करून म्हणतात की दुसरे वाहन नव्हतेच, रुग्ण स्वतःच घसरून पडला. म्हणून माहिती देताना धडक कोणत्या वाहनाने, कुठून आणि किती वाजता दिली हे सांगा. माहीत नसेल तर तसेच सांगा, अंदाजाने काही बोलू नका. रुग्णालयाने पोलिसांना कळवले आहे ना आणि एमएलसी नंबर पडला आहे ना, याची खात्री करा. एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्या.

एप्रिल २०२२पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे पाठवायचा असतो व सविस्तर अहवाल ९० दिवसांत द्यायचा असतो. त्यावर विसंबून स्वतः गप्प बसू नका.

हेल्मेट नव्हते का, दारू घेतली होती का, हे प्रश्न हमखास येतात. खरे तेच सांगा. हेल्मेट नसल्यामुळे दावा आपोआप बुडत नाही, पण खोटे बोलल्याचे उघड झाले तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही संशय येतो.

कोणत्या वैद्यकीय नोंदी महत्त्वाच्या?

डिस्चार्ज कार्डावर 'जीसीएस' असा आकडा असतो. बेशुद्धीची खोली मोजणारी ही ३ ते १५ अशी मोजपट्टी आहे. १३ ते १५ म्हणजे सौम्य इजा, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा त्याखाली गंभीर. रुग्ण पहिल्यांदा आला तेव्हाचा आकडा नोंदलेला असायला हवा. घरी जातानाचा '१५' पाहून कोणालाही वाटेल की फारसे काही झाले नव्हते.

अपघातानंतर किती दिवसांनी रुग्णाला नव्या गोष्टी सलग आठवू लागल्या, हेही डॉक्टरांना सांगून लिहून घ्या. मेंदूची इजा किती खोल होती याचा तो चांगला अंदाज देतो, आणि गजबजलेल्या वॉर्डात तो लिहायचा हमखास राहून जातो. डॉक्टर म्हणून ही चूक आमची आहे, पण तिची किंमत तुम्ही मोजता.

'सीटी स्कॅन नॉर्मल' म्हणजे मेंदू नॉर्मल असे नाही. जोराच्या हिसक्याने मेंदूतले धागे ताणले जातात, तुटतात. हे सीटीत अनेकदा दिसत नाही, एमआरआयमध्ये कधीकधी त्याच्या खुणा सापडतात. स्मरण, लक्ष, नियोजन आणि विचारांचा वेग मोजण्यासाठी न्यूरोसायकॉलॉजीच्या चाचण्या असतात. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने भारतीय रुग्णांसाठी असा चाचणीसंच तयार केला आहे. मोठ्या रुग्णालयांतल्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयांतल्या मानसशास्त्रज्ञांकडे याची चौकशी करा. खर्च होतो, वेळही जातो, पण वागणुकीतला बदल आकड्यात मांडणारा दुसरा चांगला मार्ग नाही.

फिट येणे आणि वास न कळणे या तक्रारीही नोंदवून घ्या. वास गेल्याचे कोणी मनावर घेत नाही. पण रुग्ण आचारी असेल तर त्याचा धंदाच गेला.

वयस्कर माणसांच्या मेंदूभोवती किरकोळ मारानंतरही काही आठवड्यांनी रक्त साचू शकते. चाल बिघडली, झोप वाढली, बोलण्यात गोंधळ आला तर लगेच दाखवा आणि आधीच्या अपघाताची तारीख नव्या केसपेपरवर लिहून घ्या, नाहीतर दोन्हींचा संबंध नंतर जोडता येत नाही.

टक्केवारीचा घोळ

सिव्हिल हॉस्पिटलच्या दाखल्यावर '२० टक्के कायम दिव्यांगत्व' असे लिहिलेले असते. कमाईसुद्धा २० टक्केच बुडाली, असा त्याचा अर्थ होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१०च्या एका महत्त्वाच्या निकालात हे स्पष्ट केले आहे: शरीराचे दिव्यांगत्व किती ते डॉक्टर सांगतील, पण त्यामुळे त्या माणसाच्या त्या धंद्यातली कमाई किती घटली हे न्यायाधिकरण ठरवेल.

फरक केवढा पडतो ते पाहा. समजा, ३४ वर्षांचा इलेक्ट्रिशियन स्वतःचा धंदा करून महिन्याला १५,००० रुपये कमावत होता. चाळिशीच्या आतल्या माणसाच्या पुढील वाढीसाठी ४० टक्के धरले जातात, म्हणजे २१,००० रुपये. वर्षाचे २,५२,००० रुपये. त्याच्या वयाला गुणक १६. कमाईतली घट २० टक्के मानली तर ८,०६,४०० रुपये होतात. पण ज्याला वायरिंगचा क्रम आठवत नाही आणि ज्याला फिट येते, त्याला शिडीवर चढवणार कोण? घट ६० टक्के मानली गेली तर हीच रक्कम २४,१९,२०० रुपये होते. औषधोपचार, वेदना, सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च हे सगळे याशिवाय.

सांभाळणारी बहुतेक वेळा आई किंवा बायको असते आणि ती पगार घेत नाही, म्हणून हा खर्च मागायचाच राहून जातो. २०२०मध्ये, अपघातात मेंदूला गंभीर इजा झालेल्या १२ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आयुष्यभराच्या देखभालीचा खर्चही गुणक लावून धरला आणि त्यापोटीच २१ लाख ६० हजार रुपये दिले.

दाखला घेताना हातापायातल्या कमजोरीबरोबर स्मरण आणि वागणूकही तपासली गेली आहे ना, ते विचारा. तपासणाऱ्या डॉक्टरांना न्यायाधिकरणासमोर साक्षीला यावे लागू शकते, हेही आधीच बोलून ठेवा.

दावा लवकर, मोजमाप सावकाश

कायद्यात दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे. मेंदूची सुधारणा मात्र पहिल्या सहा महिन्यांत जोरात आणि पुढे वर्ष-दोन वर्षे हळूहळू चालू राहते. म्हणून अर्ज मुदतीत दाखल करा आणि कायम दिव्यांगत्वाचा दाखला सुधारणा स्थिरावल्यावर घ्या. मुदत उलटली असेल तरी हातपाय गाळू नका, वकिलांना भेटा. दावा अपघाताच्याच जिल्ह्यात लावला पाहिजे असे नाही. तुम्ही राहता तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही लावता येतो.

धडक देणारे वाहन सापडलेच नाही तर गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये सरकारी योजनेतून मिळतात. त्यासाठी तहसील किंवा प्रांत कार्यालयात विचारा. चूक कोणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागण्याचीही तरतूद आहे. आयुष्यभराच्या इजेसाठी ही रक्कम तुटपुंजी आहे, ती स्वीकारण्यापूर्वी सल्ला घ्या.

घरच्यांची वही

शंभर पानी वही घ्या आणि तारीख टाकून लिहा. 'फार त्रास होतो' असे लिहू नका. 'मंगळवारी किराणा आणायला गेले, रस्ता चुकले, शेजाऱ्यांनी आणून सोडले' असे लिहा. चांगले दिवसही लिहा. दर तपासणीला ही वही डॉक्टरांना दाखवा आणि महत्त्वाचे ते केसपेपरवर उतरवून घ्या. रुग्णाला एकट्याला पाठवू नका. अशा रुग्णाला स्वतःतला बदल बऱ्याचदा कळतच नाही. "मी एकदम ठीक आहे," असे तो मनापासून सांगतो, आणि तेच लिहिले जाते.

औषधांची बिले, रिक्षाच्या आणि अॅम्ब्युलन्सच्या पावत्या, अपघाताआधीच्या कमाईचा पुरावा (पासबुक, पगारपत्रक, गिऱ्हाइकांची बिले) त्याच पिशवीत ठेवा.

सही करण्यापूर्वी

रुग्णाला कागद समजत नसेल तर त्याची सही किंवा अंगठा घेऊ नका. त्याच्या वतीने जवळच्या नातेवाइकाला वादमित्र म्हणून दावा चालवता येतो. लोकअदालतीत तडजोड लवकर होते आणि पैसे हातात येतात, पण तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. पुढे फिट सुरू झाल्या तरी पुन्हा मागता येत नाही. दुखणे अजून हलते आहे तोवर तडजोड करू नका, असे मी तरी सांगेन.

वॉर्डात येऊन कोऱ्या वकीलपत्रावर सह्या मागणाऱ्या एजंटांना परत पाठवा. मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी ठरवून फी घेणे वकिलांना नियमाने मना आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, दिव्यांग आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जाताना एफआयआर, डिस्चार्ज कार्ड, आधार कार्ड आणि ती वही सोबत न्या.