आधी मोजावे, मग उतरावे

श्रोतेहो, इटलीतील मोदेना नगरात बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे एक विद्वान वैद्य राहत असत. एकदा त्यांच्या घरचा मैलाकूप उपसला जात होता. आत उतरलेला मजूर इतक्या घाईने काम करीत होता की वैद्यराजांना त्याची कीव आली आणि त्यांनी घाईचे कारण विचारले. या जागी चार तासांहून अधिक राहणे म्हणजे डोळे गमावणे होय, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. त्या एका प्रश्नातून कामकऱ्यांच्या रोगांवरील रामाझ्झिनींचा विख्यात ग्रंथ जन्मास आला. तो १७०० साली प्रसिद्ध झाला. रोग्याला त्याचा धंदा कोणता हेही विचारावे, असा उपदेश त्यांनी त्यात वैद्यांना केला.

आज ज्यांच्याविषयी बोलावयाचे आहे तेही असेच जमिनीखाली हात घालणारे लोक आहेत. पुरलेल्या पेट्रोलच्या टाक्या गळू लागल्या म्हणजे माती कोठवर नासली हे शोधण्यासाठी कोणीतरी चर खणतो, कोणी भोके पाडून मातीचे नमुने काढतो. रोग शोधण्यास गेलेल्यालाच रोग जडू नये, यासाठी माणसाने काय केले, त्याचा हा इतिहास आहे.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेत मोटारी वाढल्या, तसे पेट्रोल जमिनीखाली साठवू लागले. आगीपासून बचाव हाच त्यातला हेतू होता. परंतु उघड्या पोलादाला ओल्या मातीत गंज चढला, टाक्यांना छिद्रे पडली आणि तेल विहिरींच्या पाण्यापर्यंत झिरपले. अखेर १९८४ मध्ये तेथील काँग्रेसने अशा टाक्यांसाठी कायदा केला, आणि १९८६ मध्ये सफाईसाठी निधी उभारला. तेव्हापासून तेथे पाच लाखांहून अधिक गळत्या निश्चित झाल्या आहेत. यावरून किती माणसांना त्या मातीत उतरावे लागले असेल, याची कल्पना करावी.

तेथे धोका तरी कोणता? पेट्रोलची वाफ हवेच्या तिप्पट-चौपट जड असते. ती वर उडून न जाता चराच्या तळाशी साचते. हवेत तिचे प्रमाण सुमारे १.४ ते ७.६ टक्के झाले की एक ठिणगी स्फोटास पुरते. म्हणूनच उपसून रिकामी केलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक भयंकर. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की ती पेट घेत नाही. रिकामीत हवा शिरते आणि हवे ते मिश्रण तयार होते. पेट्रोलमधील बेंझीन अस्थिमज्जेवर घाला घालते व त्यातून रक्ताचा कर्करोग उद्भवतो. शिवाय चराची भिंत केव्हा ढासळेल याचा भरवसा नाही. एक घनमीटर माती दीड टनांहूनही अधिक भरते.

नाकावर विसंबावे, तर नाक थोड्याच वेळात वासाला सरावते. म्हणून माणसाने इतर साक्षीदार शोधले. १८१५ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी कोळशाच्या खाणीसाठी जाळीचा दिवा सिद्ध केला. त्याच्या ज्योतीचा रंग व उंची पाहून ज्वालाग्राही वायूचा सुगावा लागे. १८९० नंतरच्या दशकात जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून कॅनरी पक्षी खाणीत नेण्याचा सल्ला दिला. ब्रिटनच्या खाणींतून त्या पाखरांना निरोप मिळाला तो १९८६ मध्ये. तत्पूर्वीच, १९२६-२७ च्या सुमारास, कॅलिफोर्नियातील ऑलिव्हर जॉन्सन यांनी तेलवाहू जहाजांवरील स्फोटांचा विचार करून तापलेल्या प्लॅटिनमच्या तारेने ज्वालाग्राही वाफ मोजणारे यंत्र बनविले.

परंतु यंत्राची भाषाही समजून घ्यावी लागते. स्फोटाच्या किमान मर्यादेचा दहावा हिस्सा वाफ आढळली की काम थांबवावे, असा संकेत आहे. तो दहावा हिस्सा म्हणजे हवेच्या दशलक्ष भागांत सुमारे १४०० भाग! बेंझीनसाठी अमेरिकेने १९८७ मध्ये ठरविलेली मर्यादा मात्र दशलक्षात अवघा एक भाग आहे. म्हणजे स्फोटमापक गप्प असला, तरी फुप्फुसात विष जाऊ शकते. शिवाय ते यंत्र चालण्यासही प्राणवायू लागतो. यास्तव आधी प्राणवायू, मग ज्वालाग्राही वाफ, मग विष, असा मोजणीचा क्रम ठरला आहे.

१९८९ मध्ये अमेरिकेत दोन नियमावल्या निघाल्या. दूषित जागेवर सर्वसाधारण काम करणाऱ्यास चाळीस तासांचे शिक्षण आणि देखरेखीखाली तीन दिवसांचा अनुभव हवा, असे एकीने ठरविले. पाच फुटांहून खोल चराच्या बाजूंना, अखंड खडक नसल्यास, आधार किंवा उतार द्यावा, असे दुसरीने. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यानेही टाकीत वा खड्ड्यात उतरण्यापूर्वी हवेची परीक्षा करून लेखी दाखला द्यावा, नाहीतर श्वसनसाधन व दोर बांधलेला पट्टा देऊन दोराचे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती ठेवावे, असे सांगितले होते.

त्या दोरातच सारे शहाणपण आहे. बंद जागेतील मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने १९८६ मध्ये नमूद केले की, मरणाऱ्यांत साठ टक्क्यांहून अधिक लोक आधी पडलेल्यास वाचविण्यासाठी धावलेले होते. दया उदंड होती. उणीव होती ती दोराची आणि मोजमापाची.

श्रोतेहो, गावात कोठे जुनी टाकी निघत असेल, तर काठावर उभे राहून आपण एवढे तरी विचारू शकतो: हवा मोजली काय? वर दोर कोणी धरला आहे? रामाझ्झिनींनी तरी याहून वेगळे काय केले? ते थांबले, आणि खाली असलेल्या माणसाला त्यांनी विचारले.