निम्मा उजेड म्हणजे किती?

मंडळी, आजचा विषय दिव्यांचा. समईचा किंवा कंदिलाचा नव्हे, मोबाइलवरून किंवा नुसतं बोलून लागणाऱ्या 'स्मार्ट' दिव्यांचा! आमच्या नात्यातल्या बऱ्याच घरांत हे दिवे आलेत, आणि प्रत्येक घरी ॲप वेगळं. असं का, म्हणून वाचायला बसले तर एक छान इतिहास हाती लागला. म्हटलं तर तो विज्ञानाचा आहे. मला मात्र तो भाषेचाच जास्त वाटला.

सुरुवात १९७५ सालची, स्कॉटलंडमधल्या ग्लेनरॉथेस गावची. तिथली पिको इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी आपली कामं क्रमांकाने ओळखायची. आधीची कामं कॅल्क्युलेटरच्या चिपची, नववं आपोआप तबकडी बदलणाऱ्या रेकॉर्ड प्लेअरचं आणि दहावं, म्हणजे एक्स-१०, घरातले दिवे दुरून चालवायचं. कल्पना मोठी नामी होती. नवी तार ओढायचीच नाही, भिंतीतल्या विजेच्या तारांतूनच निरोप धाडायचा! घराला ए ते पी यांपैकी एक अक्षर, दिव्याला १ ते १६ पैकी एक आकडा. म्हणजे एकूण २५६ पत्ते. १९७८ पासून ही उपकरणं अमेरिकेतल्या दुकानांत मिळू लागली.

या दिव्यांना शब्द अगदी थोडे कळत: चालू, बंद, मंद कर, उजळ कर, सगळे दिवे चालू, सगळं बंद. त्यात दोन अडचणी होत्या. एक म्हणजे दिवा उलट उत्तर देत नसे. बाईंनी हजेरी घ्यायची आणि मुलांनी 'हजर' म्हणायचंच नाही, असा प्रकार! दुसरी म्हणजे 'मंद कर' याचा अर्थ 'आहे त्याहून थोडं कमी' एवढाच. मुळात किती होतं, ते कुणालाच ठाऊक नाही. एखादा निरोप वाटेत हरवला की सगळा हिशेब चुकला.

पुढचं पाऊल पडलं युरोपात, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. कचेऱ्यांतल्या ट्यूबलाइटसाठी इलेक्ट्रॉनिक चोक बनवणाऱ्या कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी 'डाली' नावाची पद्धत ठरवली. आज ती आयईसी ६२३८६ या आंतरराष्ट्रीय मानकात आहे. एका जोडणीवर ६४ पत्ते, त्यांचे १६ गट, आणि उजेडाच्या १ ते २५४ अशा पायऱ्या. इथे दिव्याला उत्तरही देता येऊ लागलं.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. २५४ च्या निम्मे १२७. मग १२७ व्या पायरीवर उजेड निम्मा असेल ना? नाही! डालीच्या नेहमीच्या कोष्टकाप्रमाणे तिथे दिवा पूर्ण क्षमतेच्या जेमतेम ३ टक्के उजेड देतो. खरा निम्मा उजेड येतो तो २२९ व्या पायरीच्या आसपास. हा वेडेपणा नव्हे, आपल्या डोळ्यांचा मान राखणं आहे. अंधाऱ्या खोलीत एक मेणबत्ती लावली तर केवढा फरक पडतो! तीच भर दुपारी उन्हात लावली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून खालच्या पायऱ्या अगदी बारीक आणि वरच्या मोठ्या ठेवल्या. आपल्याला मात्र उजेड एकसारखा वाढल्यासारखा वाटतो. 'निम्मा' हा एवढासा शब्द, पण मीटरचा निम्मा वेगळा आणि डोळ्यांचा निम्मा वेगळा. कुठला धरायचा हे आधी ठरवलं नाही, तर दोन कंपन्यांचे दिवे एकाच खोलीत एकाच हुकमाला दोन तऱ्हांनी लागणार.

हे असं ठरवणं, यालाच तंत्रज्ञ 'डेटा मॉडेल' म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट सोपी. शाळा सोडल्याचा दाखला आठवा. नाव, जन्मतारीख, इयत्ता... रकाने ठरलेले. त्यामुळे कोल्हापूरचं मूल नागपूरच्या शाळेत गेलं तरी तिथल्या कारकुनाला दाखला वाचता येतो. दिव्याच्या दाखल्यातले मुख्य रकाने तीन: चालू आहे की बंद, उजेडाची पायरी कितवी, आणि रंग कोणता.

२००२ साली स्थापन झालेल्या झिगबी अलायन्सने बिनतारी उपकरणांसाठी असे रकाने नीट लिहून काढले. पण एकाच झिगबीच्या छत्राखाली 'होम ऑटोमेशन' आणि 'लाइट लिंक' अशा दोन वेगळ्या पोथ्या झाल्या, आणि एकीचा दिवा दुसरीच्या घरात चालेलच याची खात्री राहिली नाही! पुढे झिगबी ३.० मध्ये त्या एक केल्या गेल्या. तिकडे २०१२ च्या फिलिप्स ह्यूमध्ये उजेड १ ते २५४ मध्ये मोजला जाई, तर २०१४ च्या ॲपलच्या होमकिटमध्ये ० ते १०० टक्के. रंगाचं वर्तुळ एकाकडे ६५,५३५ पर्यंत, दुसऱ्याकडे ३६० अंशांचं. माझ्या वयाच्या लोकांना १९५७ साल आठवेल. नवे पैसे आले आणि एका आण्याचे सव्वासहा पैसे झाले. दुकानदार सहाच धरायचा. दोन मापं शेजारी नांदली की मध्ये दुभाष्या लागतोच.

रकाने किती बारकाईने विचार करून आखावे लागतात, याची आणखी दोन उदाहरणं देते. शून्य म्हणजे काय? आपल्याकडचा 'झिरोचा बल्ब' काही शून्य उजेड देत नसे! मानकातही 'सगळ्यात मंद' आणि 'बंद' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरं, लाइट जाऊन परत आले की दिव्याने काय करायचं? लागायचं, विझून राहायचं, की आधीच्या स्थितीत जायचं? यासाठी स्वतंत्र रकानाच आहे. रात्री तीनला वीज आली आणि घरातले सगळे दिवे भक्कन लागले, तर त्या रकान्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

पण हा नुसता सोयीचा प्रश्न नाही. २०१६ च्या मे महिन्यात रिव्हॉल्व्ह नावाच्या घरगुती उपकरणाची सेवा त्याच्या नव्या मालकाने, म्हणजे नेस्टने, बंद केली. लोकांनी पैसे मोजून घेतलेला डबा निकामी झाला. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑनचे सर्व्हर कुठलीही सूचना न देता थांबले. त्याच वर्षी जूनमध्ये काही ग्राहकांनीच ती कंपनी विकत घेऊन पुन्हा सुरू केली, ही गोष्ट वेगळी. घर माझं, दिवा माझा, पण त्याला कळणारी भाषा एकाच कंपनीच्या मालकीची! तिने दुकान बंद केलं की दिवा बहिरा.

म्हणूनच पुढची घटना मला मोलाची वाटते. डिसेंबर २०१९ मध्ये ॲमेझॉन, ॲपल, गूगल आणि झिगबी अलायन्स यांनी एक भाषा ठरवायचं जाहीर केलं. एरवी हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी! २०२१ मध्ये तिचं 'मॅटर' असं बारसं झालं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पहिली आवृत्ती आली. तिचे रकाने बरेचसे झिगबीच्या जुन्या पोथीतूनच आलेले आहेत. 'चालू-बंद'च्या रकान्याचा क्रमांकसुद्धा तोच, सहा. रेडिओ बदलले, पण शब्द टिकले. शिवाय मॅटरचे दिवे घरातल्या घरात बोलू शकतात. चालू-बंद करायला दूरदेशीच्या सर्व्हरला विचारावं लागत नाही.

सगळं मिटलं असं नाही. काही खास करामती अजूनही त्या त्या कंपनीच्या ॲपमध्येच राहतात. पण चालू, बंद, मंद, उजळ, पिवळट, पांढरा... एवढे साधे शब्द तरी कुणा एकाच्या मालकीचे राहू नयेत, हे मान्य व्हायला १९७५ पासून जवळजवळ पन्नास वर्षं लागली.

असो. आता घरात दिवे घेणाऱ्या सगळ्या भाचरांना माझं एवढंच सांगणं. रंग किती कोटी दाखवतो हे दुकानदार सांगेलच. तुम्ही मात्र दोन गोष्टी विचारा: इंटरनेट गेलं तर हा लागेल का? आणि कंपनी गेली तर?