भाताचे कर्ज आणि उसाचे कर्ज

वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात १८७५ साली पाडली. त्याच वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल करून कर्जरोखे जाळले. एकाच वसंतात इकडे विचारांची बैठक मांडली गेली आणि तिकडे कागदांची होळी झाली, हा योगायोग आम्हांला नेहमीच विचारात पाडीत आला आहे. म्हणून या व्यासपीठावर बोलावणे येताच आम्ही कर्जाचाच विषय निवडला. आमचे शिक्षण शाळेपेक्षा कामगारांच्या सभांत आणि सार्वजनिक वाचनालयात अधिक झाले. तेव्हा पंडितांची सफाई श्रोत्यांनी आमच्याकडून अपेक्षू नये.

प्रश्न असा की, ज्या कोल्हापूर जिल्ह्याने सहकारात नाव मिळविले, त्याच जिल्ह्याच्या पश्चिमेचा भातकरी नव्या शेतीकडे इतक्या धीम्या पावलांनी का गेला? शहाण्यांचे उत्तर ठरलेले असते : तो अडाणी आहे, रूढीला चिकटलेला आहे. आम्हांला हे उत्तर मान्य नाही. गिरणीत नवा साचा आला आणि कामगाराने हात आखडला, म्हणजेही हेच उत्तर ऐकू येते. आणि खोलात गेल्यावर बहुधा दुसरेच कारण निघते.

प्रथम भूगोल पाहू. गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, आजरा, चंदगड हा आपला पावसाचा आणि भाताचा मुलूख. जमिनी तुकड्यातुकड्यांच्या. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवून गुळाच्या व्यापारास जागा दिली, आणि पुढे भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधावयास घेतले. पैशाअभावी ते काम १९१८ साली थांबले आणि स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. हे कार्य थोरच. त्याबद्दल दुमत नाही. परंतु पाणी अडले भाताच्या डोंगरात आणि त्याचा मोठा लाभ झाला खालच्या काठावरच्या उसाला, हेही इतिहासात नोंदले पाहिजे. पाण्याची जी वाट, तीच पुढे पैशाचीही झाली.

आता पैशाकडे वळू. सुप्याच्या दंग्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा झाला, १८८३ आणि १८८४ साली तगाईचे कायदे झाले, १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला. आपली जिल्हा मध्यवर्ती बँक १९३८ सालची. इतके होऊनही रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या गोरवाला समितीने १९५४ साली अहवाल दिला तेव्हा दिसले काय? १९५१-५२ साली देशातील शेतकऱ्याने घेतलेल्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा शेकडा ३.१, सरकारचा ३.३, आणि सावकारांचा जवळजवळ ७०. पन्नास वर्षांच्या कायद्यांचे फळ शंभरात तीन!

याच सुमारास, १९५३ साली, केंद्रीय कृषिमंत्री पंजाबराव देशमुख यांच्या कारकिर्दीत जपानी भातशेतीची मोहीम देशभर निघाली. गादीवाफ्यावर तरवा, थोडे बियाणे, दोरी धरून ओळीत लावण, ओळींमधून कोळपणी, आणि शेणखतावर वरखताची जोड. पद्धत खोटी नव्हती. बियाणे वाचते, रोपाला फुटवे अधिक येतात. पण तिचे मागणे काय होते ते पाहावे. जुन्या पद्धतीला कणगीतले बी पुरे आणि लावणीला शेजारणींचा पैरा पुरे : आज तुमच्या वावरात आम्ही, उद्या आमच्या वावरात तुम्ही. ओळीत लावणीला वेळ दीड-दोनपट लागतो. पैरा मोडतो आणि रोजाची बाई सांगावी लागते. वरखत रोखीने आणावे लागते. आणि हे सारे ज्येष्ठ-आषाढात, ज्या दिवसांत भातकऱ्याच्या घरात खाण्याचे दाणेसुद्धा सवाई-दिढीने आणलेले असतात. ऐन त्या पंधरवड्यात हाती रोकड नसेल, तर उत्तम पद्धतही कागदावरच राहते.

गोरवाला समितीने यावर चांगला उपाय सांगितला होता. कर्ज जमिनीच्या किमतीकडे पाहून देऊ नये, पिकाकडे पाहून द्यावे. काही रोख, काही खताच्या रूपाने. आणि वसुली पीक विकले जाईल तेथेच व्हावी. पीककर्जाची पद्धत ती हीच. परंतु तिची सारी मदार ‘विकले जाईल’ या दोन शब्दांवर होती. ऊस शेतातून निघतो तो थेट कारखान्याच्या काट्यावर जातो. परित्याचा भोगावती असो की कुडित्र्याचा कुंभी-कासारी, बिलातून सोसायटीची रक्कम आधी कापली जाते आणि उरलेली शेतकऱ्यास मिळते. भात मळणीनंतर घरच्या कणगीत जाते, आणि कणगीला काटा नसतो. म्हणून बँकेला ऊस सुरक्षित वाटला, सोसायटीची पत उसावर वाढली, आणि पंप, पाइप, खत ही नवी साधने उसाच्या पाठीवर बसून आली. भातकऱ्याच्या वाट्याला मोहीम आली. त्या मोहिमेला पुरेल असे कर्ज मात्र आले नाही. त्यातून जो कूळ होता आणि ज्याचे नाव सातबाऱ्यावर चढले नव्हते, त्याला सोसायटीचे दारही बंदच होते.

पुढे १९६६ साली फिलिपाईन्समधून आय.आर. ८ हे बुटके वाण आले. उत्पन्न भरघोस, पण दाणा जाड आणि पिंजर आखूड. ज्याच्या दारात म्हैस आहे त्याला पिंजर म्हणजे वैरण. ताटात घनसाळसारखा सुवासिक भात आणि गोठ्यात लांब पिंजर हवे असणाऱ्याने अख्खे वावर नव्या वाणाखाली घातले नाही, याला आम्ही रूढी म्हणत नाही, हिशेब म्हणतो. हाच माणूस म्हशीसाठी कर्ज काढण्यास कचरला नाही. कारण दुधाच्या बिलातून हप्ता आपोआप फिटत होता.

मग भातकऱ्याचा खरा सावकार कोण होता? आमच्या मते मुंबईची गिरणी. या डोंगरी तालुक्यांतून घरटी एक तरी माणूस गिरणगावात गेलेला असे. आमचे वडीलही त्यांतलेच. मिरगाच्या आधी त्यांची मनीऑर्डर आली की आमची आई आधी वाण्याची उधारी भागवी, मग खताचे पोते सांगे. बिनव्याजी आणि वेळेवर येणारे एवढेच कर्ज त्या मुलखाला ठाऊक होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या वर्षीच्या आषाढात आमच्या वावरात खत पडले नाही. मुंबईचा संप भाताच्या खाचरापर्यंत पोहोचतो, हा धडा आम्ही शाळकरी वयात शिकलो, आणि पुढे संघटनेचे काम पत्करले त्याचे मूळ तेथे आहे.

आज स्थिती अगदी तशीच राहिली आहे असे आम्ही म्हणत नाही. १९९८ पासून किसान क्रेडिट कार्ड आले, वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात सवलत मिळते. तरी पीकनिहाय एकरी कर्ज ठरते तेव्हा उसापुढे भात लहानच राहते. आजरा घनसाळला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ही संधी मोठी आहे. पण मानांकनाने भाव मिळेल तो एकत्र विकणाऱ्यांना. एकट्याने पाच पोती घेऊन बाजारात गेलेल्याला व्यापारी सांगेल तोच भाव.

तात्पर्य, भातकऱ्याला उपदेशाची वाण कधीच नव्हती. वाण होती ती वेळेवरच्या पैशाची. तो द्यायचा तर भातालाही काटा हवा : भातकऱ्यांची स्वतःची खरेदी-विक्री, स्वतःची गिरण, आणि घरी खाण्यापुरते ठेवून उरलेल्या भातावर आगाऊ उचल. कामगाराने पगारासाठी एकजूट केली. भातकऱ्याने पतीसाठी करावी. रोखे जाळणाऱ्यांना तेवढा अवधी मिळाला नव्हता. आपल्याला तो मिळाला आहे. पुढचा मिरग येण्यापूर्वी तो वापरावा, एवढीच आमची विनंती.