मेंदूचा कर्करोग आणि मनाचा त्रास: मानसोपचार कशी मदत करतो?

मेंदूत कर्करोगाची गाठ असल्याचे निदान झाले की घरात आधी ऑपरेशन, रेडिएशन आणि खर्च यांचाच विचार होतो. पुढे रुग्ण चिडचिड करू लागतो, गप्प बसतो किंवा रात्रभर जागा राहतो. तेव्हा ‘मन घट्ट कर’ एवढेच सांगितले जाते. हा त्रास मनाचा कमकुवतपणा नाही आणि त्यावर उपचार करता येतात.

त्रास कशामुळे होतो?

इतर कर्करोगांत भीती आणि दुःख आजाराच्या बातमीमुळे येते. इथे ते असतेच, शिवाय भावना सांभाळणाऱ्या अवयवालाच आजार झालेला असतो. त्यामुळे कारणे एकात एक मिसळतात:

- गाठ: मेंदूच्या पुढच्या भागातील गाठीमुळे माणूस उदासीन किंवा अचानक रागीट होऊ शकतो.
- औषधे: सूज कमी करणाऱ्या डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडमुळे झोप उडते, मनःस्थिती बदलते. फिट थांबवणाऱ्या लेव्हेटिरासिटाममुळे काहींची चिडचिड वाढते.
- परिस्थिती: फिट येत असल्याने गाडी, ट्रॅक्टर चालवणे बंद होते. कमावता माणूस दुसऱ्यावर अवलंबून राहतो.

म्हणून वागण्यातला बदल आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगावा. कधी कधी औषध बदलूनच फरक पडतो. स्टेरॉइड किंवा फिटची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये. ते धोकादायक असते.

मानसोपचारात काय होते?

प्रशिक्षित तज्ज्ञ ठरावीक पद्धतीने रुग्णाशी बोलतो. ‘मी आता घरावर ओझे आहे’ असा विचार तपासून पाहणे, भीती वाढली की श्वास आणि शरीर शांत करणे, उरलेल्या ताकदीत कोणती कामे करता येतील हे ठरवणे, मागे राहणाऱ्यांसाठी काय सांगून ठेवायचे आहे ते बोलणे, असे त्याचे स्वरूप असते.

विसरणे, शब्द न सुचणे, लवकर थकणे या अडचणी लक्षात घेऊन भेट छोटी ठेवतात, एका वेळी एकच मुद्दा घेतात, वहीत लिहून देतात आणि शक्यतो घरच्या एका माणसाला सोबत बसवतात. काळजी घेणाऱ्या नातेवाइकालाही आधार लागतो.

ऑस्ट्रेलियातील २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंदूत गाठ असलेल्या ५० जणांचा समावेश होता. घरी जाऊन १० सत्रे दिलेल्या गटात नैराश्य कमी झाले आणि जगण्याची गुणवत्ता सुधारली. अभ्यास लहान होता आणि मानसोपचाराने गाठ बरी होत नाही. तरी उरलेला काळ कसा जाईल, यात त्याने फरक पडू शकतो.

शिरूर आणि दौंडमधून मदत कशी मिळवावी?

दोन्ही गावे पुण्यापासून साधारण ६५ ते ८० किलोमीटरवर आहेत. रेडिएशनच्या काळात आधीच फेऱ्या होत असतात, त्यात आणखी एक फेरी जड जाते. काही मार्ग:

- रेडिएशन किंवा तपासणीच्या दिवशीच त्या रुग्णालयातील समुपदेशकाची वेळ मागावी.
- पुण्याच्या ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. ते पुणे स्टेशनजवळ असल्याने दौंडहून रेल्वेने येणाऱ्यांना सोयीचे आहे.
- तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची सेवा मिळते का, कोणत्या दिवशी, हे विचारावे.
- १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलि-मानस या सरकारी सेवेला १४४१६ वर फोन करावा. ही सेवा मोफत आहे, २४ तास चालते आणि मराठीत बोलता येते.
- खासगी तज्ज्ञाकडे जाताना क्लिनिकल मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते पाहावे.

केव्हा थांबू नये?

रुग्ण ‘जगण्यात अर्थ नाही’ असे म्हणू लागला तर त्याला एकटे सोडू नये. लगेच १४४१६ वर फोन करावा किंवा रुग्णालय गाठावे. अचानक गोंधळणे, वाढती डोकेदुखी, उलट्या, नव्याने फिट येणे किंवा गुंगी ही मनाची लक्षणे समजू नयेत. अशा वेळी थेट तातडीच्या विभागात न्यावे.