खाऱ्या पाण्यातील मगर
सरपटणाऱ्या प्राण्यांतील ही आकाराने सर्वांत मोठी जाती (क्रोकोडायलस पोरोसस) भारताच्या पूर्व किनाऱ्यापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत नदीमुखे, खाड्या व खारफुटीच्या दलदलीत आढळते. जिभेवरील लवणग्रंथी, म्हणजे शरीरातील जादा मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी, कार्यक्षम असल्याने ती समुद्रातही दीर्घकाळ राहू शकते. मादी पालापाचोळा व चिखलाचा ढीग रचून त्यात अंडी घालते व त्यांची राखण करते. पिल्लांचे लिंग घरट्यातील तापमानावर ठरते. ओडिशातील भितरकनिका येथून कातड्यासाठी झालेल्या शिकारीमुळे जवळजवळ नाहीशी झालेली ही मगर १९७५ मध्ये सुरू झालेल्या अंडी उबवून पिल्ले नदीत सोडण्याच्या कार्यक्रमामुळे पुन्हा स्थिरावली, हे भारतीय वन्यजीव संरक्षणाचे ठळक यश होय. गोव्यातील कुंभारजुवे कालव्याच्या मचूळ पाण्यात दिसणारी मगर मात्र वेगळ्या, मूळच्या गोड्या पाण्यातील जातीची आहे.