घाटमाथ्यावरचं पाणी

नववीच्या वर्गात स्थितिज ऊर्जा शिकवताना मला टेबलावरच्या पुस्तकाचं उदाहरण कधी द्यावं लागलं नाही. शाळा खोपोलीत. डोंगरावरून उतरणारे टाटांचे जाड पाइप पोरांनी जन्मापासून पाहिलेले.

लोणावळ्याचा पाऊस खरं तर आम्हा कोकणवाल्यांचा नव्हेच. तो पूर्वेला वळतो, भीमेतून कृष्णेत आणि पुढे बंगालच्या उपसागरात जातो. सहाशेएक मीटर तोही उतरतोच, पण हजारावर किलोमीटर रमतगमत. पश्चिमेला जवळजवळ तेवढीच उंची कड्याखाली चार पावलांवर संपते. वस्तुमान गुणिले जी गुणिले उंची. वाट कुठली, हे सूत्र विचारत नाही. मुंबईच्या गिरणीवाल्याला मात्र ती सगळी ऊर्जा एकाच चाकावर हवी असते.

जमशेटजी टाटांनी हे हेरलं होतं, पण ते 1904 मध्येच गेले. टाटांची वीज कंपनी 1910 मध्ये उभी राहिली. लोणावळा, वळवण आणि शिरवता इथे पावसाळ्याचं पाणी अडवलं आणि 1915 मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांत पोचली. तोवर तिथे कोळशाची वाफ होती.

फळ्यावर मी हिशेब मांडायचो. हजार लिटर पाणी पाचशे मीटर खाली आलं, तर ऊर्जा 49 लाख ज्यूल. विजेचं एक युनिट म्हणजे 36 लाख. "सर, अख्ख्या टाकीमागे सव्वा युनिट?" पोरं हिरमुसायची. आणि त्यातही थोडी गळती आहेच! मग चाकाकडे यायचं. घर्षण सोडलं तर इतक्या उंचीवरून आलेलं पाणी तोटीतून सेकंदाला शंभरएक मीटर वेगाने सुटतं आणि पेल्टन चाकाच्या जोडवाट्यांवर आदळतं. वाटी त्याला जवळजवळ उलटं फिरवते. चांगल्या चाकातून बाहेर पडताना त्यात फारसा जोर उरत नाही. तो चाकाने घेतलेला असतो. मग ते निमूटपणे पाताळगंगेला मिळतं.

सूत्रातली उंची डोंगराने फुकट दिली. पाणी साठवायला जमीन लागते, ती कुणाची तरी असते. टाटांनी मुळशीचं पाणी घाटाखाली भिऱ्याला पाडायचं ठरवलं तेव्हा मावळातली भातखाचरं बुडणार होती. 1921 मध्ये शेतकरी सत्याग्रहाला बसले. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. धरण झालंच. भिऱ्याचं पाणी आता कुंडलिकेत सुटतं आणि त्याच्या वेळा पाहून कोलाडला राफ्टिंगवाले होड्या सोडतात.