लिलावाला ७९७ तास

हे घर, ही माणसं आणि इथल्या रकमा मी कल्पून घेतल्या आहेत. मुदती, कलमं आणि नियम मात्र जसेच्या तसे आहेत. घर पुण्यात, धायरीतलं दोन बीएचके. वडिलांचं भोसरीत फॅब्रिकेशनचं शेड होतं, त्याच्या कर्जाला हे घर तारण होतं. धंदा बसला, हप्ते थकले.

लिलावाआधी कित्येक महिने

हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए होतं. मग सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) ची नोटीस येते: ६० दिवसांत सगळं देणं भरा. म्हणजे पहिला हप्ता चुकल्यापासून घराला हात लागेपर्यंत किमान पाच महिने जातात. घर विकून कर्ज फेडायचं असेल तर ते याच काळात विकावं. चांगलं गिऱ्हाईक शोधायला, भावाची घासाघीस करायला, गिऱ्हाइकाचं गृहकर्ज मंजूर व्हायला तेवढा वेळ लागतो आणि तेवढा मिळतोही. नोटीस आल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता येत नाही, हे कलम १३(१३) सांगतं. पण विकायचंच नाही असा त्याचा अर्थ नव्हे. ऑफर घेऊन बँकेत जायचं, संमतीपत्र मागायचं. गिऱ्हाइकाने बँकेच्या नावे डीडी द्यायचा, बँकेने थकबाकी नसल्याचा दाखला आणि मूळ कागद द्यायचे, आणि निबंधक कार्यालयात खरेदीखत करायचं. असे व्यवहार होतात.

धायरीतल्या घरात ही नोटीस कपाटात गेली. "धंदा उभा राहील, मग बघू," असं वडील म्हणाले. राहतं घर विकायला काढलं हे सोसायटीत कळू द्यायचं नव्हतं. ही लाज मला समजते, आणि तिची किती किंमत मोजावी लागते तेही मी जाणतो.

पुढे बँकेने प्रतीकात्मक ताबा घेतला. दारावर कागद चिकटला, दोन वर्तमानपत्रांत छापून आला, त्यातलं एक मराठी. ताबा नोटिशीच्या ठरावीक नमुन्यात एक वाक्य असतं: मालमत्ता सोडवून घेण्यासाठी उपलब्ध असलेल्या वेळेबाबत कर्जदाराचं लक्ष कलम १३ च्या उपकलम (८) कडे वेधण्यात येत आहे. त्या उपकलमात काय लिहिलंय ते नमुन्यात नाही. घरदार गमावू शकणाऱ्या माणसाला कायदा इथे इशारा देतो, पण तारीख सांगत नाही. "विक्रीची सूचना पेपरात येण्याआधी सगळे पैसे भरा, नंतर तुमचा हक्क राहणार नाही," एवढं साध्या मराठीत छापायला किती जागा लागली असती? हे वाक्य सक्तीचं व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

७९७ तास आधी. शुक्रवार, सकाळी ६

विक्रीची सूचना पेपरात आली. राखीव किंमत ५८ लाख, अनामत ५ लाख ८० हजार, ई-लिलाव बुधवारी सकाळी ११ ते १. जसे आहे जिथे आहे या तत्त्वावर. पहिल्या लिलावासाठी किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते, इथे ३३ दिवसांची आहे.

घरातल्यांनी हिशेब केला: तेहतीस दिवस हातात आहेत. खरं तर पेपर दारात पडला तेव्हाच हक्काची मुदत संपली होती. २०१६ पर्यंत लिलावाच्या ठरलेल्या दिवसाआधी सगळं देणं भरून घर सोडवता येत होतं. त्या वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली, १ सप्टेंबरपासून ती लागू झाली, आणि ही मुदत सूचना प्रसिद्ध होण्यापर्यंतच राहिली. जुना समज मात्र अजून घरोघरी, एजंटांकडे, अगदी काही वकिलांच्या बोलण्यातही टिकून आहे.

७१ तास आधी. रविवार, दुपारी १२

मधल्या दिवसांत तीन गिऱ्हाइकं येऊन गेली. आज चौथं आलं आहे. तरुण जोडपं, हिंजवडीत नोकरी. त्यांनी नळ सोडून पाहिले, खिडक्या उघडल्या, सोसायटीची थकबाकी विचारली. "काका, ६७ लाख देतो." मुलगा बहिणीला फोन करतो: झालं काम. बँकेचं देणं व्याजासकट ५६ लाख. फेडून ११ लाख उरतील.

६७ लाखांत रोकड किती, हे कुणी विचारलं नाही. या आकाराच्या गृहकर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देते. जोडप्याकडे स्वतःचे १३ लाख ४० हजार आहेत. बाकीचे मंजुरीनंतर येणार, आणि मंजुरीआधी त्यांच्या बँकेचा वकील कागद तपासणार. कागद पहिल्या बँकेच्या तिजोरीत.

४८ तास आधी. सोमवार, सकाळी ११

शाखेत गेल्यावर कळतं की फाइल इथे नाही, वसुली विभागात आहे. तिथे अधिकृत अधिकारी दौऱ्यावर. ऑफरचं पत्र आवक विभागात देऊन शिक्का घेतला जातो. चार तास बाकावर.

४३ तास आधी. दुपारी ४

अधिकारी येतात. वाईट माणूस नाही. पत्र शेवटपर्यंत वाचतात, वडिलांना पाणी देतात. "काका, ऑफर चांगली आहे, लिलावापेक्षा जास्तच मिळतायत. पण हे पत्र आहे, पैसे नाहीत. उद्या पाचपर्यंत पूर्ण रक्कम खात्यात आली तर लिलाव मागे घ्यायची शिफारस करतो."

"साहेब, पंधरा दिवस द्या."

"दोन महिन्यांपूर्वी आला असता तर संमतीपत्र मीच वर पाठवलं असतं."

महिनाभरापूर्वी जो हक्क होता, त्याची आता विनंती झाली आहे. बँक ती मान्य करू शकते, पण तिच्यावर तसं बंधन नाही.

२४ तास आधी. मंगळवार, सकाळी ११

बहिणीने दागिने तारण ठेवले. मामांनी ठेव मोडली. जोडप्याने स्वतःचे १३ लाख ४० हजार द्यायची तयारी दाखवली, आणि मग त्यांच्या वडिलांचा फोन आला: कागद हातात नसताना एक पैसा द्यायचा नाही. त्यांचंही चूक नाही. तरी सगळे मिळून ३१ लाख होतात.

वकील कर्जवसुली न्यायाधिकरणाचा रस्ता सांगतात. कलम १७ खाली अर्ज करता येतो, मुदत ४५ दिवसांची, पण नुसत्या अर्जाने लिलाव थांबत नाही. मग ते 'सेलीर विरुद्ध बाफना मोटर्स' हा खटला समजावतात. नवी मुंबईतली औद्योगिक जमीन, आठ लिलाव फसले, नववा ३० जून २०२३ ला झाला आणि १०५.०५ कोटींची बोली लागली. त्यानंतर कर्जदार १२९ कोटी द्यायला पुढे आला आणि मुंबई उच्च न्यायालयाने १७ ऑगस्टला त्याला जमीन सोडवू दिली. बोलीपेक्षा जवळजवळ २४ कोटी जास्त. तरीही २१ सप्टेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. सूचना प्रसिद्ध झाली की सोडवणुकीचा हक्क संपला, रक्कम कितीही मोठी असो.

वडील विचारतात, "म्हणजे पेपर आला त्या दिवशीच?"

वकील मान डोलावतात.

१८ तास आधी. सायंकाळी ५

अनामत भरायची मुदत संपली. एकाच बोलीदाराने भरली आहे. हे घरात कुणाला माहीत नाही.

४० मिनिटं आधी. बुधवार, सकाळी १०.२०

३१ लाखांची तजवीज घेऊन मुलगा वसुली विभागात. पूर्ण रक्कम नसताना लिलाव मागे घ्यायचा अधिकार इथे बसलेल्या कुणालाच नाही. अधिकारी वर फोन लावतात. तिकडे मीटिंग चालू आहे.

सकाळी ११.०९

५८ लाख ५० हजार.

दुपारी १

दुसरी बोली आली नाही. पोर्टल बंद.

पुढचा दिवस, आणि पंधरावा

२५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी भरावी लागते. अनामत वजा जाता खरेदीदाराने ८ लाख ८२ हजार ५०० रुपये भरले. विक्री कायम झाल्यावर पंधराव्या दिवशी उरलेले ४३ लाख ८७ हजार ५००. विक्री प्रमाणपत्र निघालं. घर खाली झालं नसतं तर बँकेने कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांची मदत घेतली असती, दारात पोलीस आले असते. वडिलांनी ती वेळ येऊ दिली नाही.

देणं वळतं करून अडीच लाख शिल्लक दिसतात. त्यातून जाहिरात, मूल्यांकन, ताबा यांचा खर्च कापला जाईल आणि कलम १३(७) प्रमाणे बाकी रक्कम कर्जदाराला परत मिळेल. मुलाने नऱ्ह्याला दोन खोल्या पाहिल्या आहेत. घरमालकाला डिपॉझिट आधी हवं आहे, आणि बँकेचा हिशेब अजून आलेला नाही.